हातातून हातात

आज सकाळी पुण्याहून रोहिणीचा फोन आला. "ताई, परसों गाडी बघायला लोक येतायत. टोकन तुमच्याकडेच आहे ना? तुम्ही ऑफिसला असाल तर टेबलावर ठेवून जा, कमला देईल त्यांना."

"ठेवणार नाही," मी म्हटलं. "रजा काढते. हातात देईन."

ती "अच्छा, ठीक है" म्हणाली आणि फोन बंद केला. मी कुणाचं वाक्य बोलले ते दोघींनाही कळलं होतं.

कपाटातल्या साड्यांच्या खालून मी रुमालात बांधलेला पितळी गोळा काढला. लिंबाएवढा, मधोमध खाच, वर कोरलेला आकडा एक. दुसरा कधी बनलाच नाही, पण शेलारकाकांच्या राज्यात नंबर नसलेली वस्तू नसायची. हा गोळा माझ्या कपाटात कसा आला हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा अर्धंच सांगितलंय.

शेलारकाका म्हणजे रोहिणीचे वडील, आमच्या समोरच्या घरातले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातले निवृत्त इंजिनियर, मूळचे वाईकडचे. नोकरीनं त्यांना अर्धा उत्तर हिंदुस्थान फिरवून शेवटी लखनौत आणून सोडलं आणि ते इथंच राहिले. चिनहटच्या अलीकडे, फैजाबाद रोडवरून आत वळणाऱ्या आमच्या गल्लीत त्यांनी घर बांधलं. बँकेतल्या बदलीनं आम्ही इथं आलो तेव्हा गल्लीत मराठी बोलणारी दोनच माणसं होती, ते आणि त्यांच्या पत्नी कुसुमकाकू. माझं आडनाव चौधरी, जळगावकडचं. पाटी वाचून इथल्या लोकांना मी इथलीच वाटायची, आणि तोंड उघडलं की त्यांची निराशा व्हायची. शेलारकाका मात्र फसले नाहीत. "चौधरी इथं शंभर आहेत," ते म्हणाले होते, "पण गच्चीवर बिबडे वाळत घालणारी चौधरीण एकच."

पहिली भेट काही फार गोड झाली नव्हती. स्कूटरला चावी तशीच लटकत सोडून मी भाजीची पिशवी घेऊन आत गेले. पाच मिनिटांत बेल वाजली. दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे. अंगात बंडी, डावा पाय जरासा ओढत पुढं आले.

"ही चावी तुमची?"

"हो, हो. थँक्यू. ठेवा ना तिथं स्टुलावर, माझे हात ओले आहेत."

"पुसून या. मी थांबतो."

मी हात पुसून आले. त्यांनी चावी माझ्या तळहातावर टेकवली, पण सोडली नाही.

"मिळाली?"

"अहो, दिसतेय की."

"दिसतेय ते मलाही. मिळाली म्हणा."

"मिळाली."

मग बोटं सुटली. मनात म्हटलं, हा म्हातारा डोक्याला ताप होणार. तसा तो झालाही, पण त्याशिवाय मला करमेना हेही तितकंच खरं.

'ठेवलंय' या शब्दाशी त्यांचं उभं वैर होतं. त्यामागची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती, माझ्या मुलीलासुद्धा. ते बोलायला लागले की ती माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, "मम्मी, अंकल गन्ने में कूदने वाले हैं." गोष्ट अशी. एकेरी मार्गावर, जिथं येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांना एकच रूळ असतो, तिथं पूर्वी टोकन चालायचं. लोखंडी गोळा. तो ज्याच्या हातात, त्याचा रस्ता. टोकन हातात नसेल तर स्टेशन सोडायचं नाही, मग मागं कितीही मोठा साहेब ओरडो. शेलारकाका नोकरीला नवीन होते, तपासणीच्या ट्रॉलीवर बसून निघायचे होते. स्टेशनवरचा माणूस लांबूनच ओरडला, "साहब, टोकन टेबल पे रखा है, आप निकलिए, मैं आदमी से भिजवाता हूँ." हे निघाले. तेवढ्यात मालगाडीचा माणूस आत आला, टेबलावरचं टोकन आपलंच समजून घेऊन गेला, आणि यांच्या पाठोपाठ त्याच रुळावरून मालगाडी सुटली. ट्रॉलीवरच्या चौघांनी बाजूच्या उसात उड्या मारल्या. माणसं वाचली, ट्रॉलीच्या काटक्या झाल्या, आणि काकांचा डावा पाय तेव्हापासून ओढत राहिला.

"त्या माणसानं खोटं सांगितलं नव्हतं, बाई," ते म्हणायचे. "टोकन ठेवलंच होतं त्यानं. पण ठेवलं आणि दिलं यात एक आख्खी मालगाडी बसते."

मी बँकेत तिजोरीची एक चावी सांभाळते. दुसरी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असते, दोघं असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही आणि चावी देताना सही घेतल्याशिवाय चालत नाही. हे कळल्यावर माझा भाव एकदम वधारला. "म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव 'बाई' पडलं, आणि त्यात इतका मान असायचा की कधी कुणी मॅडम म्हटल्यावर मला तेवढं बरं वाटलं नाही.

गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांच्या जादा चाव्या त्यांच्याकडे असत. आत जाताना डाव्या भिंतीवर एक हिरवी फळी होती, तिच्यावर लोखंडी आकडे आणि प्रत्येकावर एक चावी. तिवारीजी लग्नाला गोरखपूरला निघाले की चावी काकांकडे. आमची मुलगी शाळेतून लवकर आली की चावी काकांकडून. तिवारीजी म्हणायचे, "हमारे घर में हमसे ज़्यादा भरोसा शेलार साहब का है." काका त्यावर हसायचे नाहीत. त्यांना ती थट्टा वाटतच नसे.

आता गाडी. निवृत्तीनंतर एका पाडव्याला त्यांनी ती घेतली. पांढरी, उंच, रुंद, आणि लखनौत जिच्यावर सगळ्यांचा डोळा अशी. नेत्यांच्या ताफ्यात पुढं-मागं धावते तीच जात. गल्लीतली पोरं तिला 'भौकाल' म्हणायची, म्हणजे रुबाब, धाक, सगळं एकदम. काकांना रुबाबाशी काही देणंघेणं नव्हतं. कुसुमकाकूंना उंचावर बसून जायचं होतं, एवढंच. "जन्मभर क्वार्टरच्या खिडकीतून खालून वर गाड्या बघितल्या," त्या मला म्हणाल्या होत्या, "आता जरा वरून खाली बघते." तीन वर्षं त्यांनी बघितलं. चित्रकूट झालं, नैनिताल झालं, दर रविवारी छावणीतल्या शांत रस्त्यांवरून एक फेरी झाली. मग त्या गेल्या. डाव्या सीटवर त्यांची करडी शाल घडी करून पडून राहिली. तिथं कुणी बसायचं असेल तर काका आधी शाल उचलून मागच्या सीटवर घालत आणि उतरल्यावर परत जागेवर आणत.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या गल्लीतून अशाच दोन गाड्या गेल्या. कुलूप न तोडता, काच न फोडता. काकांनी कुठून कुठून माहिती काढली. हल्लीच्या चाव्या म्हणे स्वतःच कुजबुजत असतात, भिंतीबाहेरून यंत्र लावलं की ती कुजबुज पकडता येते, आणि किल्ली घरात झोपलेली असताना गाडी निघून जाते. झालं. दुसऱ्याच दिवशी गाडीची किल्ली काकूंच्या लाडवांच्या स्टीलच्या डब्यात गेली, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून. स्टिअरिंगला दांडा आला. चाकाला कुलूप आलं. तरी त्यांचं समाधान होईना. "ही सगळी अडवणूक झाली," ते म्हणाले. "परवानगी कुठाय?"

मग चिनहटच्या कारखान्यांच्या वस्तीत एका लेथवाल्याकडून त्यांनी हा गोळा करून घेतला. डॅशबोर्डखाली एक खोबण बसवली. गोळा तिच्यात नीट बसल्याशिवाय इंधनाच्या पंपाला वीजच जाणार नाही, अशी सगळी जोडणी स्वतः केली. चाळीस वर्षांची विद्या एका मोटारीवर खर्च केली. आणि मग त्यांनी काय करावं? शहरातल्या नावाजलेल्या मोटार-इलेक्ट्रिशियनला, अशफाक उस्तादांना, घरी बोलावून सांगितलं, "उस्ताद, यह गाडी चुराके दिखाइए."

फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. गल्ली खुर्च्या टाकून बसली. तिवारीजींनी शेंगदाणे आणले, मी चहा केला. उस्तादांनी आधी हसत बॉनेट उघडलं. तासाभरानं हसणं थांबलं. तीन तासांनी ते गाडीखालून बाहेर आले, कपडे झटकले आणि काकांसमोर अदबीनं उभे राहिले. "हुज़ूर, इससे आसान तो आपको ही उठा ले जाना है. गाड़ी ख़ुद पीछे-पीछे आ जाएगी." सगळी गल्ली हसली. काका इतके खूश झाले की त्यांनी उस्तादांच्या हातात गोळा देऊन "मिळाला?" असं चक्क मराठीत विचारलं.

गाडी ते मागितल्यावर द्यायचे, कद्रूपणा नव्हता. सासूबाईंना स्टेशनवरून आणायला आमचे हे ती दोनदा घेऊन गेले. पण फाटकात उभं राहून गोळा हातात घ्यायचा, मिळाला म्हणायचं, आणि आल्यावर तसाच हातात द्यायचा. एकदा यांनी दमून येऊन तो कट्ट्यावर टेकवला आणि "काका, ठेवलाय बरं का" म्हणाले. काका चहा पीत होते. जागचे हलले नाहीत, गोळ्याकडे बघितलंही नाही. शेवटी यांनी परत उचलून हातात दिला तेव्हाच म्हणाले, "या, आता चहा घ्या."

बाकी वेळ गोळा त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात. फक्त आंघोळीच्या वेळी देवघरात काकूंच्या फोटोपुढच्या तांब्याच्या वाटीत. तेवढाच पाऊण तास तो कुणाच्या हातात नसायचा.

मागच्याच्या मागच्या पौषातली गोष्ट. बख्शी का तालाबच्या बाजूला बागेतून पेरू आणायला आम्ही दोघं गेलो होतो. परत येताना डावीकडून एक दूधवाला सायकलवरून येत होता. मला तो केव्हाचा दिसत होता. मला वाटलं काकांनाही दिसतोय. गाडीचा कोपरा त्याच्या मागच्या चाकाला लागला, सायकल आडवी झाली, कॅनमधलं दूध रस्ताभर गेलं. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, नशीब. काकांनी उतरून त्याला उठवलं, माफी मागितली, सगळी भरपाई केली. पण परत गाडीत बसल्यावर ते आरशात बघत राहिले. "हा आला कुठून?" ते म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले. घर येईपर्यंत तिसऱ्यांदा.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: "शंका आली की लाल. आणि लाल म्हणजे लाल, लालशी वाद नाही घालायचा." ते वाक्य मला त्या दिवशी आठवायला हवं होतं. समोरासमोर बसून म्हणायला हवं होतं, काका, तुम्हाला बाजूचं दिसत नाही, आता लाल. ज्या माणसानं आयुष्यभर लाल दिव्यापुढं मान तुकवली तो माझ्याशी वाद घालणार होता का? पण मला त्यांच्या तोंडावर बोलायचा धीर झाला नाही. मी त्यांच्या पाठीमागं रोहिणीला फोन केला.

रोहिणी होळीच्या आधी तीन दिवसांसाठी आली. रेल्वेच्या कॉलन्यांमध्ये वाढलेली पोरगी, अर्धी मराठी, अर्धी हिंदी, आणि बापावर जीव टाकणारी. तिनंही बघितलं, डावीकडची वाटी त्यांना दिसत नव्हती, दाराच्या चौकटीला खांदा लागत होता.

"ताई, पप्पा गाडी नहीं छोड़ेंगे," ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "मम्मीची गाडी आहे ती. आता चालवतायत का?"

"रोज सकाळी गाडी सुरू केल्याचा आवाज येतो," मी म्हटलं. आवाज खरंच यायचा.

"किसी को कुछ हो गया तो? सांगितलं तर मोडून जातील हो. टोकनच नसलं तर... गुम हो गया तो गुम हो गया. हळूहळू विसरतील."

कल्पना तिची होती, हे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण मान मी डोलावली होती. दुसऱ्या दिवशी काका आंघोळीला गेले तेव्हा ती ओल्या डोळ्यांनी आमच्या दारात आली आणि तिनं तो गोळा माझ्या हातात दिला. दोघींपैकी कुणीच 'मिळाला' म्हटलं नाही. संध्याकाळच्या विमानानं ती पुण्याला गेली. अशफाक उस्तादांना जे तीन तासांत जमलं नाही, ते आम्ही दोघींनी एका आंघोळीत केलं.

पहिले दोन दिवस काका कुणाला काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या कमलाकडून कळलं की त्यांनी गाद्या उसवल्या, न्हाणीघराची जाळी काढली, देवघर चारदा धुतलं. कमला घाबरून म्हणाली, "बाबूजी, हमने नहीं देखा, भगवान कसम." त्यावर त्यांनी तिलाच पाणी दिलं. "तू कशाला रडतेस? तुला दिलं होतं का मी? दिलं असतं तर विचारलं असतं."

त्यांनी कुणावर संशय घेतला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी संशय घेतला तो स्वतःवर. मन टाचणीसारखं टोकदार होतं त्यांचं, चाळीस वर्षांपूर्वीच्या स्टेशनांची नावं ओळीनं सांगायचे. आणि आता तेच मन त्यांना खोटं वाटायला लागलं. गॅसपाशी चिठ्ठी लागली, 'बंद केला का?' दाराला चिठ्ठी लागली. आम्हाला हाक मारून विचारायचे, "बाई, आज माझं जेवण झालंय का हो?" झालेलं असायचं, आणि त्यांना ते आठवतही असायचं, पण आठवण्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. मी म्हणायचे, "अहो काका, झालंय की, मीच आमटी दिली होती." ते मान हलवायचे. मी घरी येऊन पोळ्या लाटायचे.

मग एक दिवस ते गल्लीभर फिरले. हातात हिरवी फळी. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी ज्याची त्याची चावी हातात दिली. तिवारीजी हात जोडत म्हणाले, "शेलार साहब, यह क्या? आपके पास ही अच्छी है." काका म्हणाले, "नहीं तिवारीजी. अब मेरा भरोसा मत रखिए. मेरे से चीज़ें खोती हैं." आमच्या दारात शेवटी आले. फळीवर एकच चावी राहिली होती.

"मिळाली?"

"काका, ठेवा हो तुमच्याजवळ."

माझ्या तोंडून तो शब्द गेला आणि मी जीभ चावली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आता ठेवा म्हणायला हरकत नाही, बाई. मीच ठेवलं होतं ना."

मी मिळाली म्हटलं. पलीकडच्या खोलीत, भिंतीच्या मागं, त्यांचं टोकन होतं.

चार दिवसांनी ते कागद घेऊन आले. वळणदार अक्षर, डाव्या बाजूला समास सोडलेला. रेल्वेत टोकन हरवणं हा मोठा गुन्हा, त्याचा लेखी अहवाल द्यावा लागतो. त्यांनी तो दिला होता, मला. अजून माझ्याजवळ आहे:

'प्रति, श्रीमती वंदना चौधरी. विषय: टोकन क्रमांक १ गहाळ झाल्याबाबत. खाली सही करणार कळवितो की, वरील टोकन माझ्या ताब्यात असताना गहाळ झाले. मी ते आंघोळीपूर्वी देवघरात ठेवले होते, कोणाच्या हाती दिले नव्हते. सबब चूक सर्वस्वी माझी आहे. घरकाम करणाऱ्या कमलाचा यात काही संबंध नाही. तसेच कळवितो की, दूधवाल्याच्या घटनेनंतर मी डोळे तपासून घेतले असून काचबिंदूमुळे मला बाजूचे दिसत नाही. त्या दिवसापासून गाडी फाटकाबाहेर नेलेली नाही. बॅटरी उतरू नये म्हणून रोज दहा मिनिटे जागेवर सुरू करीत असे. येत्या पाडव्यास टोकन आपल्या हाती देऊन गाडी चालविणे कायमचे बंद करावे असे ठरविले होते. ते आता शक्य नाही. क्षमस्व.'

मी दोनदा वाचलं. रोज सकाळी मला आवाज यायचा, हे मी रोहिणीला सांगितलं होतं. फाटक उघडल्याचा आवाज कधीच आला नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"इथं सही करा," ते म्हणाले. "मिळालं म्हणून."

तेव्हा उठायचं होतं. कपाट उघडायचं, रुमाल सोडायचा, गोळा त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, काका, तुमचं काही हरवलं नाही, आम्ही चोरलं. दहा पावलं होती. मी का उठले नाही याची कारणं मी तेव्हापासून गोळा करतेय. रोहिणीला विचारल्याशिवाय कसं सांगू, त्यांना धक्का बसेल, आता गाडी थांबलीच आहे. सगळी खोटी. खरं एवढंच की ते मला आपल्यातली समजत होते, आणि ते समजणं मला सोडवत नव्हतं. मी पेन घेतलं आणि सही केली.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "नोंद झाली की माणूस मोकळा होतो."

त्यानंतर मी रोज ठरवत होते, पाडव्याला सांगू, काकूंच्या श्राद्धाला सांगू. पाडवा गेला. उन्हाळा गेला. काका बाहेर पडेनासे झाले. दिवाळीच्या आधी रोहिणी त्यांना न्यायला आली. आता ते स्वतःच म्हणत होते की एकट्यानं राहणं धोक्याचं आहे, डोकं काम करत नाही. डॉक्टरांनी डोकं तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही.

जायच्या सकाळी मी गोळा पर्समध्ये घातला. या वेळी नक्की, असं ठरवूनच घातला. फाटकात टॅक्सी उभी होती, रोहिणी सामान लावत होती, तिवारीजी डोळे पुसत होते. काका पोर्चमध्ये गाडीपाशी गेले. अंदाजानं हात फिरवत दाराची मूठ शोधली आणि ओढून बघितली. कुलूप होतं. मग डाव्या बाजूच्या खिडकीतून आत बघत राहिले, शाल जागेवर आहे का ते. ती होती.

ते माझ्याकडं आले. जवळ आल्यावरच त्यांना मी पुरती दिसले. "बाई, गाडी तुमच्यावर सोपवून जातोय," असं म्हणून त्यांनी सवयीनं उजवा हात पुढं केला. मूठ उघडली. आत काहीच नव्हतं. ते त्या रिकाम्या तळहाताकडं बघत राहिले, ओशाळं हसले, आणि हात मागं घेतला. "चुकलो," म्हणाले. "द्यायला काही नाही."

पर्समध्ये माझी बोटं गोळ्यावर होती. पलीकडून रोहिणी माझ्याकडं बघत होती, आणि तिनं मान हलवली, नको म्हणून. खरं तर तिनं मान हलवली नसती तरी मी गप्पच राहिले असते.

ते पुण्याला आठ महिने होते. फोनवर बोलायचे तेव्हा दर वेळी शेवटी विचारायचे, "बाई, ते कुठं सापडलं का हो?" मी म्हणायचे, नाही काका. गेल्या आषाढात ते गेले.

परवा गाडी बघायला लोक येतील. मी त्यांच्या हातात गोळा देईन आणि मिळाला म्हणायला लावीन. ते मला विक्षिप्त समजतील, समजोत. पण मला दिसतात ते शेवटचे काका, टॅक्सीतले. टॅक्सी वळायला लागली तेव्हा त्यांनी काच खाली केली. मी टॅक्सीच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर उभी होते. त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं. त्यांनी समोर बघितलं, मग रिकाम्या फाटकाकडं बघून हात हलवला, बराच वेळ, मी तिथं आहे असं समजून. मी नुसती हाक मारली असती तरी त्यांनी मान वळवली असती.